नवार, काथ्या आणि रबरी पट्टी

मोटारगाडीचा इतिहास म्हणून आपल्याकडे जे लिहिले जाते तो बहुधा इंजिनाचा इतिहास असतो. किती सिलिंडर, किती अश्वशक्ती, ताशी किती मैल, आणि फार झाले तर पत्र्याची वळणे व रंग, एवढ्यावर तो आटोपतो. परंतु गाडीचा मालक इंजिनावर बसत नाही, बैठकीवर बसतो. आणि त्या बैठकीत, कातड्याच्या अथवा रेक्झिनच्या खाली, फोमच्याही खाली, कोणीतरी त्याचा भार झेलून धरलेला असतो. जुनी गाडी पुन्हा उभी करणारे पुष्कळ शौकीन आम्ही पाहिले आहेत. कार्ब्युरेटरच्या एका जेटसाठी ते चोर बाजाराची मटन स्ट्रीट पालथी घालतात, बंपरवरच्या मुलाम्यासाठी महिनोन्‌महिने थांबतात. बैठकीचे काम आले की मात्र ती खोलून कोपऱ्यावरच्या गादीवाल्याच्या स्वाधीन करतात आणि संध्याकाळी न्यावयास येतो असे सांगतात. त्या बैठकीच्या तळाशी ताणून बसविलेली जी लवचीक पट्टी असते, तिचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

श्रोतेहो, कॅम्प नंबर चारमध्ये हा विषय काढण्यास कारण आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराने फौजेच्या मुक्कामासाठी छावणी बांधली. दोन हजारांहून अधिक बराकी होत्या. युद्ध संपले, फौज गेली, आणि १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना याच बराकींत जागा मिळाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली व वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. फौज जाऊन ऐंशी वर्षे होत आली, तरी आपण पत्त्यात 'कॅम्प चार' असेच लिहितो. त्या आरंभीच्या दिवसांत बराकीच्या लांबलचक दालनात चादरी आणि गोणपाट टांगून एकेका कुटुंबाची खोली करावी लागे. दुसऱ्याने दुसऱ्या कामासाठी केलेली वस्तू हाती आली, तिला आपल्या संसाराजोगी करावयाची, हा या गावाचा पहिला उद्योग होय. पुढे फर्निचर आले, जीन्स आल्या, आणि 'मेड इन यूएसए'ची थट्टाही आली. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हे सांगून सगळा महाराष्ट्र हसला आहे. हसण्यास हरकत नाही. परंतु अस्सल कोणते आणि नक्कल कोणती हा प्रश्न त्या थट्टेत दडलेला आहे व जुन्या गाडीच्या बैठकीपाशी तो पुन्हा भेटणार आहे.

आपल्याकडे माणसाचा भार झेलण्याचे काम पूर्वापार बाजेने केले. चार खुर, चार दांडे आणि मध्ये काथ्याची किंवा सुंभाची विणलेली दोरी. थोडी सुबत्ता असली की दोरीच्या जागी नवार येई. नवार म्हणजे तीन-चार बोटे रुंद, जाड सुताची घट्ट विणलेली पट्टी. उभी-आडवी विणली की अंगाला वळ उठत नाहीत. सिंधी घरांत हिलाच खट म्हणतात, आणि तिच्याच जोडीला हिंदोरो, म्हणजे घरातला झोपाळा. सिंधमधील हाला गावचे लाखकाम केलेले त्याचे रंगीत खांब ज्यांनी पाहिले असतील त्यांना ते विसरता यावयाचे नाहीत. परंतु आमचे लक्ष वेधते ते बाजेच्या पायथ्याकडे. बाज विणणारा विणकाम शेवटपर्यंत नेत नाही. पायथ्याशी थोडी जागा मोकळी सोडून तेथे वेगळी दोरी ओढून घेतो. झोपणाराच्या भाराने बाज झोळीसारखी झाली की तेवढी दोरी ताणून घ्यावयाची, सबंध बाज उसवावयाची नाही. दोरी सैल पडणारच हे त्या कारागिराने पहिल्या दिवशीच गृहीत धरलेले असते आणि दुरुस्तीची जागा वस्तूतच ठेवलेली असते.

युरोपातल्या खुर्चीचा तळही असाच पट्ट्यांचा. लाकडी चौकटीवर जाड पट्ट्या एकीखालून एक विणून त्यावर घोड्याचे केस वा गवत भरीत. १८२२ साली व्हिएन्नाच्या गेओर्ग युनिग्ल याने बैठकीत गुंडाळीच्या स्प्रिंगा घालण्याचे पेटंट घेतले आणि पट्टीचे काम बदलले. आता तिच्यावर स्प्रिंगा शिवावयाच्या, त्या सुतळीने एकमेकींना बांधावयाच्या, वर गोणपाट, त्यावर भरण. पहिल्या मोटारींच्या बैठका घोडागाड्यांच्या कारागिरांच्याच परंपरेतल्या, म्हणून हीच रचना मोटारीत उतरली. एकोणिसाव्या शतकात या पट्ट्या तागाच्या होऊ लागल्या. ताग बंगालचा, गिरण्या प्रथम स्कॉटलंडातल्या डंडीच्या आणि १८५५ पासून हुगळीकाठच्या रिशऱ्याच्याही. येथे एक गोष्ट ओझरती सांगितली पाहिजे. ज्या फाळणीने सिंधी माणसाला सिंधपासून तोडले तिनेच तागाच्या शेतांना गिरण्यांपासून तोडले. पिकाचा मोठा भाग पूर्व पाकिस्तानात राहिला, गिरण्या कलकत्त्याभोवती राहिल्या. बराकीत पडदा म्हणून टांगलेले गोणपाट आणि तो टांगणारा, दोघेही एकाच रेषेने उखडलेले होते.

तागाच्या पट्टीला स्वतःची लवचीकता जवळजवळ नाही. ती ओढून खिळविली की ताठ राहते, आणि एकदा ओघळली की ओघळली. मागे येत नाही. लवचीकतेचे सारे काम स्प्रिंगेचे. त्यामुळे बैठकीला उंची लागते, वजन वाढते आणि बांधणीला कुशल माणसाचे पुष्कळ तास जातात. घरातल्या आरामखुर्चीत हे चालून जाते. बुटक्या, हलक्या, कारखान्यात रांगेने तयार होणाऱ्या गाडीत ते चालेना.

येथे रबर येते. लंडनच्या टॉमस हँकॉकने १८२० साली हातमोजे, गॅलिस वगैरेंना रबराच्या लवचीक पट्ट्या लावण्याचे पेटंट घेतले होते. पण ते कच्चे रबर, उन्हाळ्यात चिकटे आणि थंडीत कडक होई. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला गंधक व उष्णता यांची जोड सापडली आणि ओढले की लांबणारे, सोडले की परत येणारे टिकाऊ रबर जगाला मिळाले. तरीही बैठकीखाली रबर पोहोचण्यास आणखी शतक जावे लागले. नुसत्या रबराची पट्टी ताणत जाते, तिला थांबा नसतो. माणूस बसला की तो तळाला टेकावयाचा. हा थांबा इटलीत सापडला. १८७२ साली मिलानमध्ये स्थापन झालेली पिरेली कंपनी टायर करणारी. टायरमध्ये रबराच्या आत दोऱ्यांचे तिरपे थर असतात हे तिला नवे नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर तिने त्याच विद्येची एक अरुंद पट्टी केली, आणि तिच्याच आश्रयाने निघालेल्या आर्फ्लेक्स या कंपनीसाठी मार्को झानुसो या वास्तुशास्त्रज्ञाने त्या पट्ट्या व रबरी फोम यांवर खुर्च्या रचल्या. त्यांतली 'लेडी' नावाची आरामखुर्ची १९५१ च्या मिलान प्रदर्शनात सुवर्णपदक मिळवून गेली. स्प्रिंग नाही, सुतळी नाही, घोड्याचे केस नाहीत.

या पट्टीचे पोट उघडून पाहिले पाहिजे. आत रेयॉनच्या दोऱ्यांचे दोन थर असतात, दोन्ही तिरपे, पण एकमेकांच्या उलट दिशेने, वर-खाली रबर. आपल्या गावात शिंप्याला सांगावयास नको की उरेब कापलेले कापड ताणले जाते. तोच न्याय येथे आहे. दुकानाच्या सरकत्या जाळीच्या दाराकडे पाहा: ते ओढले की चौकटी अरुंद होऊन लांबतात, आणि एका मर्यादेनंतर दार पुढे सरकत नाही. पट्टी ओढली की दोऱ्यांच्या चौकटी तशाच लांबट होतात, रबर त्यांना मागे खेचीत असते, आणि दोऱ्या जवळजवळ सरळ आल्या की पट्टी थांबते. परत आणण्याचे काम रबराचे आणि आवरण्याचे काम रेयॉनचे. रेयॉन म्हणताच इथल्या श्रोत्यांना शहाड आठवेल. सेंच्युरी रेयॉनचा कारखाना उल्हासनगरच्या उंबरठ्यावरच आहे आणि टायरला लागणारा रेयॉनचा धागाही तेथे निघाला. पलीकडे मोहोन्याच्या नॅशनल रेयॉनमध्येही टायरचा धागा होई, तो कारखाना २००९ साली बंद पडला. उल्हास खोऱ्यातल्या किती कुटुंबांची चूल या धाग्यावर पेटली असेल! तो टायरात जातो एवढे सर्वांना ठाऊक होते. त्याच जातीचा धागा माणसाच्या बैठकीखालीही ताणलेला असतो, हे क्वचितच कोणाच्या ध्यानी आले असेल.

मोटार करणाऱ्यांनी ही युक्ती लगेच उचलली. ब्रिटनमधल्या एमजीसारख्या खुल्या, बुटक्या गाड्यांत नळीच्या चौकटीवर रबरी पट्ट्या किंवा त्यांच्याऐवजी एकसंध रबरी पडदा आला. फ्रान्सच्या सित्रोएनने १९४८ साली दाखविलेल्या टू-सीव्ही गाडीत तर पोलादी नळीच्या सांगाड्याला रबरी कड्यांनी कापड अडकविलेले होते. त्याला बैठक म्हणावे की बाज म्हणावे हा प्रश्नच आहे. जर्मनांच्या फोक्सवागनने स्प्रिंगा ठेवल्या, पण वरचे भरण नारळाच्या काथ्याला रबर लावून केले. कोकणातला सुंभ वळणारा म्हातारा ती बैठक फाडून पाहता तर आपलाच माल ओळखता. आणि १९५९ च्या छोट्या मिनी गाडीत अॅलेक्स मोल्टनने सबंध गाडीच रबराच्या शंकूंवर तोलली. पण हा विषय निराळा आहे, त्यात शिरलो तर बाहेर पडता येणार नाही.

आता जुनी गाडी पुन्हा उभी करणाराच्या अडचणीकडे येऊ. साठ वर्षांपूर्वीची रबरी पट्टी आज कामाची राहत नाही. हवेतला ओझोन ताणलेल्या रबराला आडव्या चिरा पाडतो. तेल लागले की रबर फुगते. उन्हात बंद उभ्या राहिलेल्या गाडीतल्या उष्णतेने ते कडक व ठिसूळ होते. आपल्या दमट हवेत पट्टीच्या टोकाचे लोखंडी क्लिप गंजतात आणि गंज रबराला खात जातो. शिवाय रबराचा एक स्वभाव असा की सतत ताणलेले ठेवले तर त्याची ओढ हळूहळू कमी होते. म्हणून पट्ट्या बदलाव्याच लागतात. बदलावयाच्या कशा, येथेच बहुतेक बैठका बिघडतात.

फर्निचर बाजारात सोफ्यासाठी 'इलॅस्टिक बेल्ट' म्हणून जी विणलेली पट्टी मिळते तिच्यात कृत्रिम धागे आणि मधून मधून रबराचे तंतू असतात. ती सोफ्याला उत्तम. पण ती पुष्कळ लांबते, तिचा थांबा दूर असतो. दिसावयास दोन्ही पट्ट्या भावंडे, वागणूक वेगळी. गाडीत ती घालून कारागीर रबरी पट्टीच्याच मापाने ओढतो आणि मालक खड्ड्यात बसल्यासारखा बसतो. दुसरे टोक म्हणजे तागाची पट्टी ताठ खिळवून वर दुप्पट फोम घालणे. मग बैठक दोन बोटे उंच होते, स्टिअरिंग मांडीला लागते, डोके टपाला, आणि पायांची पेडलपर्यंतची जी सोय मूळ रचनाकाराने साधली होती ती मोडते.

खऱ्या रबरी पट्टीचे गणित सोपे आहे. साधारण पन्नास मिलिमीटर रुंदीची पट्टी बैठकीत आपल्या लांबीच्या सुमारे एक-दशांश ताणून बसवितात. पाठीला ताण यापेक्षा कमी. चौकटीतल्या दोन खाचांमधले अंतर पन्नास सेंटिमीटर असेल तर पट्टी क्लिपसह साडेपंचेचाळीस सेंटिमीटर हवी. पंचेचाळीस घेणारे पुष्कळ आहेत; ते पन्नासाचा दहावा भाग वजा करतात, वास्तविक वाढ मूळ लांबीवर मोजावयाची असते. अर्ध्या सेंटिमीटरने आभाळ कोसळत नाही, पण सगळ्या पट्ट्या एकाच हिशेबाने कापलेल्या असाव्यात हे महत्त्वाचे. एक घट्ट व शेजारची सैल झाली की घट्ट पट्टी सर्वांचा भार घेते आणि आधी तुटते. क्लिप शिकंजात दाबून सरळ बसवावा, तिरपा बसला तर पट्टी एका कडेने फाटू लागते. मधली पट्टी आधी, मग दोन्ही बाजूंना. दोन पट्ट्यांमधली फट पट्टीच्या रुंदीहून जास्त नसावी, नाहीतर फोम त्या फटींतून खाली दबतो. लाकडी चौकट असेल तर चुका मारण्यापूर्वी कड कानशीने गोल करून घ्यावी. धारदार कडेवर रबर रोज थोडे थोडे कापले जाते. आणि पट्ट्यांवर सरळ फोम ठेवू नये, मध्ये गोणपाट वा जाड कापड घालावे, म्हणजे घासून फोमचा भुगा होणार नाही. नव्याने शिकणाऱ्याला वाटते की जितके ओढावे तितके मजबूत. जाणते कारागीर याच्या उलट सांगतात: जास्त ओढलेली पट्टी आधीच आपल्या थांब्यापाशी पोहोचलेली असते, माणूस बसल्यावर तिला द्यावयाला काही उरत नाही, आणि चिराही तिलाच लवकर पडतात.

हा ताण केवळ सुखाचा प्रश्न नव्हे. गाडीच्या चाकांखालच्या स्प्रिंगा आणि माणसाखालची पट्टी ही दोन्ही एकाच साखळीतली. माणसाच्या धडाला सेकंदास चार ते आठ या गतीचे उभे हादरे सर्वांत जास्त जाचतात. कंपनांसंबंधीचे आंतरराष्ट्रीय मानकही याच टप्प्याला सर्वाधिक महत्त्व देते. बैठक किती लवते यावर कोणते हादरे कमी होऊन पोहोचावयाचे आणि कोणते वाढून पोहोचावयाचे हे ठरते. विठ्ठलवाडी स्टेशनापासून लालचक्कीपर्यंत पावसाळ्यात एकदा जाऊन यावे, म्हणजे हे कळावयास यंत्र लागत नाही.

मग अस्सलपणा कशात मानावयाचा? केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटून गेलेली, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी व चारचाकी वाहने 'व्हिंटेज' ठरतात आणि त्यांना 'व्हीए' ही अक्षरे असलेला वेगळा क्रमांक मिळतो. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. नियम चांगला आहे व हवाच होता. बैठकीच्या तळाचा त्यात उल्लेख नाही, आणि असावा असेही आमचे म्हणणे नाही. रबरी पट्टी मूळचीच ठेवा असा हट्ट धरला तर गाडीत बसणेच बंद करावे लागेल. पण याचा अर्थ काहीही घातले तरी चालेल असा काढला जातो, तेथे आमचा विरोध आहे. पट्टी जुनी राहू शकत नाही. तिचा ताण, तिची रुंदी, तिच्या फटी, बसल्यावर माणूस किती खाली जातो ते माप, हे जुने राहू शकते. इंजिनाचा क्रमांक जुळला म्हणजे गाडी राखली गेली असे समजणाऱ्यांनी त्या गाडीत दहा मैल बसून पाहावे.

मुंबईकरांना याची किंमत कळावयास फार लांब जावयास नको. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची फियाट ११०० डिलाइट १९६४ साली टॅक्सी म्हणून रस्त्यावर येऊ लागली; १९७४ पासून तिचे नाव पद्मिनी झाले. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या वेषातली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या कार्यालयात नोंदली गेली, आणि वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ अखेर ही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. त्या टॅक्सीच्या बैठकीवर दिवसाकाठी किती प्रवासी बसत, आणि ती किती वेळा खोलून नव्याने भरली जाई! तेवढ्या गाड्या होत्या म्हणून तेवढे सीटवाले होते. घाटकोपर-कुर्ल्यापासून आपल्या मराठा सेक्शनपर्यंत रस्त्याकडेच्या टपरीत बसून बैठक उलटी करणारा, जुन्या भरणाचा वास घेऊन पाणी शिरले आहे की तेल हे सांगणारा हात त्या धंद्यात तयार होत होता. आजच्या गाडीची बैठक साच्यात ओतलेल्या एका फोमची असते. ती भरत नाहीत, बदलतात. टॅक्सी गेली, तिच्या चार-दोन गाड्या शौकिनांनी ठेवल्या. त्या गाड्यांच्या बैठका उलट्या करणारे कारागीर मात्र मोबाइलची कव्हरे विकू लागले किंवा घरी बसले. त्यांचे माप कोणी लिहून घेतले नाही.

म्हणून ज्यांच्याकडे अशी गाडी असेल त्यांना एवढीच विनंती की गादीवाल्याकडे बैठक देण्यापूर्वी ती आपण स्वतः उलटी करावी. तुटक्या पट्ट्या ओढून फेकू नयेत. किती पट्ट्या होत्या, आडव्या होत्या की उभ्या, खाचेपासून खाचेपर्यंत अंतर किती, सोडल्यावर एकेकीची लांबी किती उरली, क्लिप कोणत्या घडणीचा होता, हे वहीत टिपून घ्यावे. लांबी जशीच्या तशी मानू नये, कारण जुनी पट्टी थोडी वाढलेलीच असते. पण एखादी सुटून पडलेली, न ताणता राहिलेली मिळाली तर तीच खरी. सर्वांत चांगला क्लिप एखाद्या डबीत ठेवावा. मग कारागिराला शेजारी बसवून ती वही दाखवावी, आणि तो काय म्हणतो तेही तिच्यातच लिहावे.